तिसऱ्या पायरीवरची मालकीण

४ नोव्हें.
विलासने (धाकटा दीर) आज पोहा मिलवर एक सर आणले. नागपूरचे, उद्योजकता शिकवतात म्हणे. फुकट आलेत, म्हणजे कुठेतरी दुखणार. गोदामाच्या दारावर खडूने पाच पायऱ्या काढल्या. धंदा सुरू होतो, तगतो, वाढतो, पसरतो, मुरतो. आपण तिसरीवर. तुमसरात अकरा वर्षं मिल चालवतेय, जिना आजच कळला.

५ नोव्हें.
तिसऱ्या पायरीचा नियम : ज्याने धंदा उभा केला तोच आता धंद्याला अडवतो. त्याने बाजूला व्हायचं. कामं कागदावर उतरवायची, कुणालाही जमतील अशी. सर बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. विलास बघत होता.
"वहिनी, मॉडेल आहे ते. तुमच्यावर नाही म्हणून राहिले सर."
मी कुठे काय म्हटलं होतं?

७ नोव्हें.
सरांची प्रश्नावली, बारा पानं. धान किती तास भिजवता, पाणी किती गरम, भट्टीवर कधी घेता. एवढं कशाला हवंय यांना? भिजवणीच्या टाक्यातला दाणा मी दाताखाली धरते. मधे करकरला तर थांबायचं, दबला की उपसायचा. नवा धान, जुना धान, ढगाळ हवा, दर वेळी निराळं. ते लिहायचं कसं? आणि लिहिलं की माझं काम काय उरलं?
लिहिलं. सगळं खोटं. भिजवण तर दुप्पट.
भट्टीवरच्या शेवंताबाईला सांगितलं. ती हसली. "सरायले म्हना, आधी दात घेऊन या."

९, रविवार
हे नोकरीच्या गावाहून, जवाहरनगरच्या क्वार्टरवरून आले. जेवताना म्हणाले, "विलास चांगल्यासाठीच करत असन. तू आराम कर ना आता." आराम! परवा विलासही हेच म्हणाला. दोघांचं आधीच ठरलंय. भाजी अळणी झाली होती, तरी हे काही बोलले नाहीत. म्हणजे नक्कीच. फार राग आला.

१२ नोव्हें.
सरांचा रिपोर्ट. मिल चौथीवर जायला तयार, अट एकच. विलासने आठ दिवस एकट्याने चालवायची. मी फिरकायचं नाही. रविवारी टाकं भरायचं. माझा खोटा कागद लॅमिनेट करून टाक्याजवळ लावलाय.

१४ नोव्हें.
विलासने स्वतः चहा आणून दिला. आता काय हवंय, हाच पहिला विचार.
म्हणाला, "वहिनी, खरं सांगू का, मले भेव लागते. तुमच्यासारखं मले नाही समजत. तुमचे गुडघे पाहून राहिलो ना, म्हणून सरायले आणलं. तुम्ही लिहून देल्लं, आता जमन."
हेही सरांनी पढवलं असेल. असेल का? मी म्हटलं, जमेल. कप विसळायच्या निमित्ताने उठून गेले.

१६, रविवार
टाकं सकाळीच भरलं. वीस पोती, नवा धान. संध्याकाळपर्यंत उपसायला हवा. कागदाप्रमाणे उद्या सकाळपर्यंत राहणार, म्हणजे आंबणार.
चार वाजता शेवंताबाईचा फोन. "बाई, विलासभाऊ दाण्याले हात लावू देऊन नाही राहिले. कागदच पाहून राहिले. सांगू का त्यायले?"
मी म्हटलं, थांब.
खोटं लिहिलं हे सांगितलं तर मीच अडवणारी, सरांचं खरं ठरलं. नाही सांगितलं तर माल जातो, विलास तोंडघशी पडतो, आणि सगळे म्हणतात बाईशिवाय मिल चालत नाही. मला हेच तर हवं होतं.
पाच वाजलेत. चपला घातल्यात. तरी ओट्यावर बसून हे लिहीतच आहे.