घासून लख्ख केलेली थाळी

२८ मार्च
डावा डोळा बंद. उजव्याने लिहितोय. चूक माशीची नाही, केळ्याची! दोन केळी खाल्ली आणि तसाच मधमाश्यांची पेटी उघडायला गेलो. माशी चिडली की म्हणे केळ्यासारखा वास सोडते, आणि तो वास आला की बाकीच्या धावून येतात. म्हणजे मी तोंडाने ‘या, चावा’ असं बोलावतच गेलो.

बाई हसल्या नाहीत. (बाई म्हणजे मालकीणबाई. त्यांच्याकडेच राहतो, पेट्यांची कामं करतो. शाळेतून रिटायर, मागच्या अंगणात चार पेट्या.) नखाने काटा खरवडून काढला आणि म्हणाल्या, “अहो पाहुणे, खाल्ल्यावर तोंड धुवायची पद्धत आहे का तुमच्याकडे?”

पाहुणे का, तर पहिल्याच दिवशी मी सांगून टाकलं होतं – तीन महिन्यांच्या वर मी कुठे टिकत नाही. आई फोनवर म्हणतेच, “तुझ्या पायाला भिंगरी. भिंगरी तरी थकून आडवी होते रे!” बॅग अजून भरलेलीच आहे. लागेल तो शर्ट वरून काढतो.

२९ मार्च
डोळा उघडला. पेट्यांजवळची पाण्याची थाळी दिसली – शी! हिरवंगार शेवाळ, तळाला गोटे. गोटे फेकले, साबण लावून काथ्याने घासली. तोंड दिसेल इतकी लख्ख! जन्मात पहिल्यांदा कुणी न सांगता काम केलं. बाईंना बोललो नाही. दिसेलच की.

५ एप्रिल
शेजारचे साहेब भिंतीवरून ओरडले. (इस्त्री शर्टाला, आठ्या कपाळाला.) “तुमच्या माशा माझ्या नळावर! बायको बादली भरायला जाईना!” पुढच्या रविवारी सगळी गल्ली गोळा करणार, पेट्या उचलायला लावणार.

बाई नुसत्या “बघू” म्हणाल्या. पण चहात साखर दोनदा घातली. मग एकेका पेटीवर हात ठेवून आल्या – पोराचा ताप बघावा तसा.

६ एप्रिल, रविवार
बाईंचा मधमाशीपालनाचा वर्ग. शिकायला पाच जण, त्यात एक शिंपी, एक नर्स. पेटीतल्या पोळ्याच्या चौकटी धरून उभा मी.

“पेटी ठेवायची तर आधी शेजाऱ्याचा विचार, मग मधाचा. आणि पाणी आपल्याच अंगणात हवं.”

शिंपी म्हणाला, “स्वच्छ ना?”

“छे! माशांना शेवाळलेलंच लागतं, वासाने सापडतं. आत गोटे हवेत, उभं राहायला. आणि एकदा दुसरीकडे पाणी मिळालं की मग तिकडेच जातात.”

माझ्या हातातली चौकट हलली. नर्स म्हणाली, “घाबरलात का दादा?”

हो म्हटलं. कशाला, ते नाही सांगितलं.

७ एप्रिल
फेकलेले गोटे शोधून परत टाकले. नाल्यातून शेवाळ आणलं. एक माशी ढुंकून बघत नाही! सगळ्या सरळ साहेबांकडे.

बाई – “पाणी भरता ना रोज?”
मी – “हो.”
खोटं नव्हतं. खरं तरी कुठे होतं!

११ एप्रिल
गाडीची चौकशी करून आलो. रविवारी सकाळी आहे. माझ्या घासण्यापायी बाईंच्या पेट्या जाणार, ते बघायला कशाला थांबू? बॅग भरायचंही काम नाही – तेवढीच सोय.

१३ एप्रिल, रविवार
गेलो नाही. स्टँडपर्यंत गेलो. तिथल्या नळावर एक मधमाशी. आमची नसणार, एवढ्या लांब. तरी वाटलं, बघतेय माझ्याकडे.

परत आलो तर अंगणात वीस माणसं, मधोमध साहेब, हातात तक्रारीचा कागद. मी बॅगेसकट घुसलो. “थाळी मी घासली!”

साहेब म्हणाले, “मग? बक्षीस देऊ?”

सगळं सांगितलं. साबण, काथ्या, गोटे. “नळ गळतोय तुमचा, वायसर मी बदलतो. चार दिवस तिथे थेंब पडू देऊ नका. आमची थाळी भरलेली राहील. तरी माशा आल्या, तर पेट्या मी स्वतः उचलेन.”

मागून साहेबांची बायको – “वायसर! दोन वर्षं सांगतेय यांना!”

सगळे हसले. साहेबांनी कागदाची घडी घातली. “चार दिवस. पाचवा नाही.”

बाईंनी तांब्या आणून थाळीत पाणी ओतलं.

१७ एप्रिल
सकाळी थाळीवर तीन माशा. दुपारी मोजता येईनात!

साहेब भिंतीवरून – “ही माझ्या नळावरचीच का रे?”
“हो. आठवण काढते तुमची.”

रविवारी वर्गाला येणार आहेत. म्हटलं, या, पण केळी खाऊन येऊ नका.

बाईंना विचारलं, थाळीचं कधी कळलं?
“चौकट हलली तेव्हाच.”
मग झापलं का नाही?
“पाहुण्याला कोणी झापतं का?”

१८ एप्रिल
माशा शांत करायचा धुराचा डबा पेटता तसाच वाळक्या गवतावर ठेवला. बाई अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या – “गाढवा! घर जाळतोस का आपलं?”

बॅग रिकामी केली.