दूधभावाला नाही म्हणायचं नाही

सोमवार, ५ फेब्रुवारी

डोकं उठलंय! ॲटलासच्या या खोऱ्यात दोन गावं, मध्ये ओढा, शाळा एकच — खालच्या गावात. खालचे तमाझिग्त बोलतात. वरचे? तमाझिग्त की तशल्हीत? रबातच्या शिक्षणखात्याच्या ऑफिसला ते माझ्याकडून हवंय. तशल्हीत ठरली तर वर वेगळी शाळा, त्यांच्या बोलीतली पुस्तकं. नाहीतर पोरांनी बर्फ तुडवत खाली यायचं आणि परक्या बोलीत घोकायचं.

आज वर दिवसभर विचारलं. "आमचं हद्दूसारखंच!" ज्याला त्याला विचारावं, हेच. हद्दू म्हणजे खालच्या गावचा म्हातारा, माझा वाटाड्या. तो आपला शेजारी बसून पुदिन्याचा चहा भुरकतोय.

बुधवार, ७

पुन्हा तेच. आणि ओढ्यावर वरच्या बायका आपापसात बोलतात ते भलतंच!

गुरुवार, ८

मूर्ख मी! या गावांचा दूधकरार आहे. कधीकाळी इथल्या आयांनी तिथली बाळं पाजली, तिथल्यांनी इथली. तेव्हापासून आपसात सोयरीक नाही, आणि दूधभावाचा शब्द मोडायचा नाही. त्याच्या तोंडावर वेगळं बोलायचीही चोरी. आणि मी हद्दूलाच मिरवत फिरतेय! शेजारच्या खोऱ्यात जन्मूनही डोक्यात प्रकाश पडला नाही. सगळं रेकॉर्डिंग कचऱ्यात.

शनिवार, १०

हद्दूला न सांगता एकटीच वर गेले. मुखिया अद्दीची बायको यामना घडाघडा बोलली — चक्क तशल्हीत! "नात पुस्तक उघडते नि रडते गं."

अद्दीला म्हटलं, मंगळवारी रबातहून साहेब येतायत, सभेत त्यांना हेच सांगा. ते स्वतः ऐकल्याशिवाय सही करणार नाहीत.

"हद्दूसमोर? त्यापेक्षा पोरं चालतील बर्फातून."

किती गयावया केली! ढिम्म. स्वतःच्या नातीसाठीसुद्धा तोंड उघडवत नाही या माणसाला! संताप संताप झाला.

सोमवार, १२

हद्दूला कळलंच. "पोरी, मला आधी विचारायचंस." काय विचारणार, कपाळ? वरची पोरं गेली की खालच्या शाळेतला एक मास्तर जाणार. हद्दूचा नातू तिथेच शिकतो. रुसून घरी गेला.

मंगळवार, १३

साहेबांनी विचारलं. अद्दी मान खाली घालून गप्प. संपलं, म्हटलं.

मागून हद्दू उठला. "यांची बोली वेगळी आहे. यांना वर शाळा द्या."

अद्दीच्या डोळ्यांत पाणी. "दूधभावाचा शब्द. मी कोण नाही म्हणणार?"