खंडेनवमीची नोंद खोडणार नसल्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
लोकविद्या विज्ञान संस्था,
सदर, नागपूर.

विषय : चुंबकाच्या सुट्टीदिवशी घेतलेली नोंद कायम ठेवणेबाबत.
संदर्भ : आपले ज्ञापन क्र. ३१७, दि. २८ ऑक्टोबर १९८३.

महोदय,

उपरोक्त ज्ञापनान्वये कळविण्यात आले की, खंडेनवमीस यंत्रांची पूजा झाल्याने विद्युतचुंबक अधिकृतरीत्या बंद होता. सबब त्या दिवशी चुंबकीय क्षेत्र अस्तित्वात नव्हते, आणि मी नोंदविलेली विद्युतरोधातील घट घडलेलीच नाही. नोंद खोडून माफीपत्र न दिल्यास माझा प्रबंध विद्यापीठाकडे जाणार नाही. धन्य आहे!

१. चुंबक मी चालू केला, हे खरे. नमुन्याच्या टिकल्या गार करण्यासाठी महिनाभर मागितलेला द्रव नायट्रोजन नेमका त्याच सकाळी आला. तो उडून जातो. दसरा उलटेपर्यंत थांब, असे त्याला सांगता येत नाही. चपराशी श्री. धोंडबा यांनी "बाई, आज चुंबकाले सुट्टी हाय," असे बजावले. कारण ऐकल्यावर त्यांनीच हात जोडून झेंडूची माळ उतरवली व काम संपल्यावर पुन्हा घातली. कोणाच्या श्रद्धेला मी धक्का लावलेला नाही.

२. लँथॅनम, स्ट्रॉन्शियम व मँगनीज यांची भुकटी मी अठरा दिवस खलात घोटली आणि तिच्या बटणाएवढ्या टिकल्या भाजल्या. माझी आई अंजनाबाई कन्हानकडच्या खाणीत मँगनीजचे दगड फोडते. ती म्हणाली, "काहून वं, इतकी शिकून तूही दगडच फोडून राहिली?" होय, फोडते आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. दाणा जितका बारीक, तितका चुंबकाजवळ टिकलीचा रोध अधिक घसरतो. दोन दाण्यांमधल्या, केसाच्या हजाराव्या भागाहून अरुंद जागेत हे घडते, असे माझे म्हणणे आहे. त्या दिवशी रोध शंभरात एकोणीस भाग उतरला. सात वेळा चुंबक लावला, सातही वेळा उतरला.

३. रोधमापकाचा काटा खाली येताना धोंडबांनी पाहिला व वहीत सही केली. चपराशाची साक्ष ग्राह्य नाही, असे आपली चौकशी समिती म्हणते. समिती मात्र त्या दिवशी घरी बसून सर्व काही पाहत होती!

महोदय, कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही. नोंद खोडणार नाही, माफी मागणार नाही. येत्या सोमवारी नायट्रोजन येणार आहे. समितीने अकरा वाजता यावे व स्वतःच्या हाताने चुंबक चालू करावा. काटा हलला नाही, तर प्रबंध मी तिथेच फाडीन. हलला, तर समितीने त्याच टेबलावर प्रबंध पाठविण्याच्या पत्रावर सही करावी. पेन मी आणीन.

एवढे सोडून बाकी सर्व बाबतींत आपली आज्ञाधारक,
(सही)
कु. प्रेमिला देवराव नगरारे
संशोधक विद्यार्थिनी, पदार्थविज्ञान विभाग
दि. ७ नोव्हेंबर १९८३

सोबत : नोंदवहीच्या पानाची नक्कल. मूळ पान माझ्याजवळ आहे, मागू नये.