काविळीच्या औषधाचं नाव

बाबा, परवा नातीने तुमची लोखंडी पेटी उघडली. तिच्यात तुमचा वैद्यकीचा परवाना निघाला आणि त्याला जोडलेली अर्जाची नक्कलही. अर्ज मी भरला होता, तेलुगूत, माझ्याच त्या वेळच्या टपोऱ्या अक्षरात. नात आयुर्वेदाच्या कॉलेजात शिकते, तिला तर घबाडच सापडलं. कावीळ या शब्दापुढचं वनस्पतीचं नाव तिने मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "आजी, पणजोबा हेच द्यायचे ना?" मी हो म्हटलं. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. जन्म सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढला, शेकडो अर्ज भरले, पण तुमचा तो एक अर्ज भरून मी तुम्हाला वाचवलं की संपवलं, हे मला अजून कळलेलं नाही.

तुमची रीत आदिलाबादजवळच्या आपल्या तामसी गावाच्या सगळ्या भागाला ठाऊक होती. काविळीचा माणूस उजाडायच्या आत, अनशापोटी येतो. ओट्यावर बसतो. तुम्ही परसातून, नाही तर बांधावरून मुठीत काहीतरी झाकून आणता, आमच्याकडे पाठ करून ठेचता आणि ताकातून त्याला पाजता. तो 'येतो' म्हणत नाही, मागे वळून बघत नाही, तडक वाट धरतो. आईलासुद्धा कधी विचारायची सोय नव्हती. मी लहानपणी एकदा विचारलं तर केवढे डाफरला होता! "नाव सांगतलं का गुण जाते, पोरी. आन् तू त परक्या घरची." तेवढं बोलून वर गुळाचा खडाही हातावर ठेवलात. राग आणि गूळ दोन्ही एकदम द्यायची तुमची खोडच होती.

पुढे राज्यं बदलली. निजाम गेला, मग हैदराबाद राज्याच्याही वाटण्या झाल्या. किनवटची आत्या घरबसल्या मुंबई राज्यात गेली आणि आपण आंध्रात राहिलो. निजामाच्या तहसीलदाराने डोळे पिवळे झाल्यावर मुकाट्याने आपल्या ओट्यावर बसून औषध घेतलं होतं, पण कागद मागितला नव्हता. आता मात्र वैद्यांची नोंद सुरू झाली. नाव नोंदवलं नाही तर औषध देणं गुन्हा. मी तेव्हा आदिलाबादला नर्सिंग शिकत होते. तुम्हाला मीच कचेरीत घेऊन गेले, कारण तुम्हाला कोणी पोलीस ठाण्यात बसवेल या कल्पनेनेच माझा जीव खालीवर होत होता. कारकून बरा माणूस होता. त्याने एका रकान्यावर बोट ठेवलं, "दवा का नाम लिखनाच पड़ता बाबा, खाली नै छोड़ते." तुम्ही म्हणालात, "मंग राहू द्या." आणि धोतराचा सोगा सावरत उठलात. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, हे काय मला नवीन होतं? तुम्ही बाहेर लिंबाखाली जाऊन बसलात. मी आत थांबले, रकाना भरला आणि अर्ज देऊन टाकला.

मोटारीत बसल्यावर तुम्ही विचारलं, "लिवलं?" मी म्हटलं, "लिवलं." काय लिहिलं ते तुम्ही विचारलं नाही. विचारणार तरी कसे? नाव तोंडातून निघालं असतं ना! गाव येईपर्यंत तुम्ही खिडकीबाहेर पऱ्हाटी बघत राहिलात. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

महिनाभराने परवाना आला. मी सुटीवर घरीच होते. त्याच आठवड्यात बाजारहत्नूरहून एक बाई आपल्या भावाला बैलगाडीत घालून घेऊन आली. तुम्ही उंबऱ्यात उभे राहून हात जोडलेत. "माय, माह्याजवळ औषीद नाई आता. आदिलाबादले न्या." ती रडायला लागली, "आमी इतक्या दुरून आलो, काऊन नाई म्हनून राह्यले?" तुम्ही आत गेलात आणि भिंतीकडे तोंड करून बसलात. परवाना नव्हता तोवर तुम्ही वैद्य होता, आणि परवाना आला त्या दिवसापासून नुसते शेतकरी. पुन्हा कुणालाही औषध दिलं नाहीत, मरेपर्यंत.

तो भाऊ आमच्या दवाखान्यात बरा झाला. मी मोठ्या तोऱ्यात येऊन सांगितलं, लघवी साफ आहे, डोळे पांढरे झालेत. तुम्ही विचारलं, "जवारीची भाकर गोड लागते का त्याले? वावरात जावंसं वाटते?" मला माहीत नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं. "मंग बरा झाला कशावरून म्हंतं?" असं म्हणालात आणि वर हसलात. मला तेव्हा राग आला होता. आमचे डॉक्टर सांगायचे, बरीचशी कावीळ आपली आपणच उतरते, पाला देवो न देवो. मग तुमच्या हाताचा गुण म्हणजे काय होतं? आणि काहीच नव्हतं, तर गेलं ते काय? दोन माणसं तर तुमचं औषध घेत घेत गेलेली मी स्वतः पाहिली होती. त्यामुळे तुम्ही थांबलात याचं मला कधीकधी बरं वाटायचं, आणि संध्याकाळी तुम्ही ओट्यावर रिकाम्या हाताने बसलेले दिसलात की माझाच मला संताप यायचा. दोन्ही खरं आहे. कोणतं जास्त खरं, ते या वयातही सांगता येत नाही.

हे पत्र तुम्हाला कुठे धाडणार? नातीच्याही हाती लागू देणार नाही. पण एक गोष्ट कुठेतरी लिहायला हवी. तुमचं औषध कोणतं, हे मला कधीच माहीत नव्हतं; मी कधीतरी चोरून पाहिलं असेल, असं तुम्ही धरून चालला असाल. त्या दिवशी रकाना रिकामा राहू नये म्हणून, शिकताना कानावर पडलेलं एक नाव मी ठोकून दिलं. तुमचं गुपित कुणालाही कळलं नव्हतं, बाबा. तुमचा गुण तुमच्याजवळच होता. हे तुम्हाला एका वाक्यात सांगता आलं असतं. तुम्ही त्यानंतर अकरा वर्षं जगलात, आणि मी सांगितलं नाही.