दादाने पुसलेला फोन

सोमवार, ६ तारीख

पुसला! अख्खा फोन पुसून टाकला दादाने — आणि वर मला विचारतो, 'चहा घेणार का?'

नीट लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल. शनिवारी दुकानात नवरा-बायको आले होते. फोन बायकोचा. चालू केला की कंपनीचं चिन्ह येतं, थरथरतो, विझतो, पुन्हा चिन्ह. नुसता घोळात अडकलेला. हा रोग आमच्या रोजच्या ओळखीचा, आणि त्याला औषधं दोनच. एक, चिकाटीने बसून आतलं सॉफ्टवेअर नव्याने भरायचं — माणसाचं सामान जिथल्या तिथे राहतं. दुसरं, सगळं पुसून फोन कोरा करायचा. दुसरं चटकन होतं. पण ते गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय करायचं नाही, हा नियम कुणाचा? दादाचाच! मी दुकानात बसायला लागले तेव्हा त्यानेच शिकवला. 'फोन बाजारात मिळतो, आतलं मिळत नाही.' आणि दुसरा नियम — चालू करून द्यायचा, आत डोकावायचं नाही.

नवरा बिचारा काउंटरवर हात टेकून सांगत होता, 'ताई, फोन गेला तरी चालेल. मुलाचे फोटो तेवढे वाचवा.' फोनचा पासवर्डही त्यानेच सांगितला, घडाघडा. बायको मागे मुलाचं बोट धरून उभी. तिला विचारायला गेले तर हाच म्हणाला, 'हिला त्यातलं काही कळत नाही.'

आणि आज दादाने कोरा फोन त्याच्या हातात ठेवला. 'चुकून पुसला गेला.' चुकून!! जो माणूस घरातून निघताना कुलूप दोनदा ओढून बघतो, त्याच्याकडून चुकून!

मंगळवार, ७

दादाशी बोलले नाही. तोही बोलला नाही. पण तो एरवीही बोलत नाही, त्यामुळे माझा अबोला फुकट गेला.

बुधवार, ८

नवरा परत आला. भर दुपारी, दुकानात माणसं असताना. 'हे दुकान आहे की कसाईखाना? विश्वासाने दिला होता फोन!' दादा मान खाली घालून उभा. 'माफ करा.' पुन्हा 'माफ करा.' एवढंच. मी कुणाचं ऐकून घेणारी नाही, सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण आज तोंडाला कुलूप! कारण माणूस खरं बोलत होता. तेच जास्त झोंबलं.

तो गेल्यावर लॅपटॉप घेऊन आलेल्या गृहस्थांनी बॅग पुन्हा खांद्याला लावली. 'नंतर येतो, जरा घाई आहे.' घाई कसली! इतका वेळ पंख्याखाली बसून पेपर वाचत होते.

मग एक बाई आली. 'मी काहीच केलं नाही हो, आपोआप बंद पडला.' फोनातून पाणी ठिबकतंय, आणि म्हणे आपोआप! सगळे हेच सांगतात. डॉक्टरकडे आणि आमच्याकडे खरं बोलायचं नाही, अशी शपथच घेतलीय लोकांनी. नको तितकी बोलले तिला. राग दादाचा, निघाला तिच्यावर.

शुक्रवार, १०

वहिनीचा फोन. 'वन्सं, हे नीट जेवत नाहीत. दुकानात काही झालं का? तुम्ही काही बोललात?'

'मी बोलणं सोडलंय, वहिनी.'

'अहो, मग तेच झालंय.'

म्हणजे पुसायचं दादाने आणि समजूत काढायची मी! वा!

आज दिवसभरात चार्जरची चौकशी करायला एक पोरगी आली, बस. बातमी पसरलीय. 'त्यांच्याकडे देऊ नका, पुसून टाकतात.' इतकी वर्षं या नावावर जगलो आपण — यांच्याकडे दिलं की जसंच्या तसं परत मिळतं. ते नाव एका बोटाने पुसलं त्याने.

शनिवार, ११

दाढी — म्हणजे सुटे भाग विकणारा दाढीवाला — याच्याकडे दादा सामान आणायला गेला आणि मला एकदम सुचलं. मेमरी कार्ड! फोन पुसला तरी आतलं कार्ड पुसलं जात नाही. फोटो तिथे असतील की! मी इतके दिवस नुसती धुसफुसत बसले!

पावतीवरचा नंबर बघून नवऱ्याला बोलावलं. फोन घेऊन लगेच आला, एकटाच. 'बाई नाही आल्या?' तर म्हणतो, 'तिला कशाला त्रास. ताई, जे निघेल ते सगळं द्या. काही वगळू नका.' बोलणं किती मऊ! बुधवारचा हाच माणूस, यावर विश्वास बसेना.

कार्ड कॉम्प्युटरला लावलं. रिकामं! एक फोटो नाही! आणि आपसूक रिकामं नाही — फॉरमॅट केलेलं. फोन सुरू व्हायला कार्ड पुसावं लागत नाही, हे दादाला माहीत नाही? त्याने ते वेगळं बाहेर काढून, कॉम्प्युटरला लावून, मुद्दाम पुसलंय. याला चूक म्हणतात?

काय झालंय त्याला? या कामाचा वीट आला? का माझाच आला? सरळ सांगावं ना, 'तू तुझी वाट धर.' मी जाईन. दुसरीकडे मला कुणीही ठेवून घेईल. असा दुकानाचा गळा का दाबायचा? संताप संताप होतोय, आणि मध्येच रडू येतंय, त्याचाही संताप.

पण घाईत पुसलंय. वरवर. फळा कोरड्या फडक्याने पुसला की खडूच्या रेघा राहतात, तसं. हे परत येईल. मी आणणार. कार्ड ठेवून घेतलं. दादाला सांगितलं नाही — 'राहू दे' म्हणेल.

रविवार, १२

दुकान बंद असतं. मी शटर अर्धं उघडून आत बसले. सकाळी लावलेलं काम दुपारपर्यंत चाललं होतं. आणि आले! एकेक करून फोटो यायला लागले. बाळ पाळण्यात, बाळ बादलीत, बाळाच्या तोंडाला भात. जिंकले!

शेवटी कॉलच्या रेकॉर्डिंगची एक मोठी थप्पी निघाली. कित्येक फोनांत प्रत्येक कॉल आपोआप साठत जातो, माणसाला पत्ताही नसतो. एकही उघडून ऐकला नाही. आत डोकावायचं नाही म्हणजे नाही. आम्ही नियम पाळतो — काही लोकांसारखे नाही! सगळं जसंच्या तसं पेन ड्राइव्हवर भरलं.

सोमवार, १३

दिलं! नवरा सगळ्यांसमोर म्हणाला, 'मी बोललो ते शब्द मागे घेतो. ताईंसारखी हुशार बाई बघितली नाही.' लॅपटॉपवाले गृहस्थही तेव्हा दुकानात होते, बरं झालं. नाव वाचलं.

दादा बाहेरून आला तेव्हा मी काउंटरवर थाप मारून सांगितलं, 'आलं सगळं परत! फोटो, कॉल, सगळं!' वाटलं, ओशाळेल. निदान हसेल.

'कुणाच्या हातात दिलंस?'

'ज्याचं आहे त्याच्या.'

'फोन तिचा होता,' म्हणाला, आणि खाली बसला. मग उठला, चपला घातल्या, निघून गेला. टेबलावर एक फोन उघडा, स्क्रू विखुरलेले. असं काम टाकून तो कधी गेला नाही. शाबासकी नको, पण हे काय! मीच मूर्ख, दुसऱ्याचं निस्तरत बसले.

मंगळवार, १४

सकाळी दादाने सांगितलं. त्या शनिवारी मी आत चार्जर शोधत होते आणि नवरा मुलाला घेऊन गाडी बाजूला लावायला गेला होता. तेवढ्यात ती दादाला म्हणाली, 'दादा, हे मारतात. मी मुलाला घेऊन बहिणीकडे निघून जाणार आहे. तिचा नवा पत्ता ह्यांना माहीत नाही. पण तिच्याशी बोललेलं सगळं फोनमध्ये आहे. चालू झाला तर हे ऐकतील.' मला का नाही सांगितलंस, विचारलं. 'तू त्याला सोडलं नसतंस. तोंडावर बोलली असतीस.' खरं आहे, बोललेच असते. काल तो तिच्या घराखाली जाऊन उभा होता. हाक मारली तर तिलाच भोगावं लागेल, म्हणून परत आला.

आज मी गेले. दार तिनेच उघडलं. मला बघून आत वळली आणि मोठ्याने म्हणाली, 'दुकानातल्या ताई आहेत. फोटोंसाठी आभार मानते त्यांचे.' मग दार लोटता लोटता, अगदी हळू — 'बहिणीचा पत्ता कळलाय ह्यांना.'