नाल्याच्या अलीकडे

बाबा,

मी मोटरसायकल शिकते आहे. रस्त्यावरची नाही, ती आता शाळेतल्या पोरीही चालवतात. रस्ता सोडून चालवायची. दगडांतून, चढावरून, नाल्यातून. पन्नासला एक वर्ष कमी आहे, दोन्ही गुडघे कुरकुरतात, कोर्टातल्या नोकरीची नऊ वर्षं उरलीत, आणि दर रविवारी सकाळी मी कोपरांना-गुडघ्यांना प्लास्टिकच्या वाट्या बांधून त्या उंच गाडीवर चढते. तुमच्या जावयांनी पहिल्या दिवशी विचारलं, "काऊन? घरात काही कमी पडून राह्यलं का?" त्यांना सांगितलं, व्यायाम होतो. तुम्हाला खरं सांगते. मागच्या उन्हाळ्यात पाइप फुटून कोर्टाच्या रस्त्यावर पाणी साचलं होतं, घोट्याएवढं. मी स्कूटरवरून उतरले, साडी खोचली, चपला एका हातात घेतल्या आणि स्कूटर ढकलत पलीकडे नेली. मागून हॉर्न वाजत होते. पलीकडे पोचल्यावर लक्षात आलं की हे मी न ठरवता केलं आणि हुबेहूब तुमच्यासारखं केलं. तेव्हा मी घाबरले, पण पाण्याला नाही. आपण भित्रे झालो, बापासारखे झालो, याला घाबरले. त्यानंतर पंधरा दिवसांत मी शिकवणीत नाव घातलं.

राग येऊ देऊ नका. तुम्ही गेलात त्याला बावीस वर्षं झाली, आता तरी बोलू द्या. आपण घाटाखाली राहत होतो, नांदुऱ्याकडच्या त्या खाऱ्या पाण्याच्या गावात, जिथं आई वरणासाठी गोड्या पाण्याची एक घागर वेगळी ठेवायची, कारण विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायचीच नाही. तुम्ही जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर, मलमपट्टी करणारे, पण पंधरा खेड्यांत तुम्हाला 'डाक्टर' म्हणत. मारक्या बैलाच्या वेसणीला तुम्ही नुसता हात घालायचात. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू वळवायचात आणि वर तिच्याशी गप्पा मारायचात. तोच माणूस सरकारी मोटरसायकलवरून नाल्यापाशी आला की उतरायचा. नाल्यात घोटाभर पाणी असो की कोरडी रेती असो, तुम्ही उतरणारच. चपला काढायच्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची, आणि आधी एकट्यानं पलीकडे जाऊन परत यायचं. "पायानं पाहून येतो," म्हणायचात. मग पहिला गिअर टाकून गाडीच्या बाजूनं चालत तिला पलीकडे न्यायचं. आई म्हणायची, "याले बैल भेते अन् हा नाल्याले भेते."

मी सातवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत तुमच्यासोबत आले होते. लसीचा बर्फाचा डबा मांडीवर घट्ट धरून मागं बसले आहे. नाला येतो, तुम्ही उतरता, मलाही उतरवता. बाजूच्या शेतात बाया कापूस वेचताहेत, ओट्या भरून फुगलेल्या. त्यांतली एक मोठ्यानं म्हणते, "पाह्य व माय, डाक्टर गाडीले फिराले घेऊन निंगाला!" साऱ्या हसतात. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला होतं. मी तुमच्या सदऱ्याची बाही ओढून म्हणते, "बाबा, लोकं हासून राह्यले." तुम्ही माझ्याकडे न बघता त्या बायांकडे तोंड करून म्हणता, "हासा, बाई, हासा. मले भेव लागते." असं, मोठ्यानं, जणू भाव विचारल्यावर भाव सांगावा तसं. घरी आल्यावर मी जेवले नाही. आमचे गुरुजी सुसाट जातात, पाटील जातो, दूधवालाही जातो, फक्त माझाच बाप उतरतो, असं काहीबाही बोलले. तुम्ही ताटावरून उठला नाहीत, आवाजही चढवला नाहीत. एवढंच म्हणालात, "ज्याले भेव नाही त्याच्या मागं बसत जाऊ नको." मला ते तेव्हा भित्र्याचं शहाणपण वाटलं. पुढं कितीतरी वर्षं तसंच वाटत राहिलं.

आम्हाला शिकवणारा माणूस इथं बुलढाण्यातच गाड्या दुरुस्त करतो. आम्ही त्याला उस्ताद म्हणतो. बोलतो कमी, पण गाडीचा आवाज ऐकून तिचं दुखणं सांगतो. गावाबाहेर ई-क्लासची सरकारी पडीक जमीन आहे, ढोरं चरतात तिथं, दगडगोटे आणि बोरीची झुडपं. तिथं आम्ही सहाजण शिकतो. पाच पुरुष आणि मी. पायदानावर उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी दाबायची, नजर चाकापुढं नाही तर लांब ठेवायची. "ताई, जिथं पाह्यसान तिथं गाडी जाते," उस्ताद म्हणतो. मला खड्डाच दिसतो, म्हणून गाडी खड्ड्यात जाते. दर शनिवारी संध्याकाळपासून माझे तळहात ओले होतात. भाकरी थापताना पीठ हाताला चिकटतं. आणि तरी मी जाते, कारण न जाणं म्हणजे पुन्हा चपला हातात घेणं. गेल्या चार महिन्यांत मी एकदाही कुणाला म्हटलं नाही की मला भीती वाटते. सगळे म्हणतात, ताई लय डेरिंगबाज आहे. मला ते ऐकायला आवडतं, काय सांगू.

आमच्यात एक मेडिकलवाला आहे, अडतीस-चाळिशीचा, मऊ स्वभावाचा. कुणी पडलं की त्याच्या खिशातून पट्टी, मलम, गोळी निघते. मागच्या रविवारी उस्तादनं आम्हाला पहिल्यांदा घाटाखाली नेलं, जुन्या गाडरस्त्यानं, बैलगाड्यांच्या वाटेनं. पोळा होऊन गेलेला, सोयाबीन शेंगांवर आलेलं, दोन दिवस वरच्या अंगाला पाऊस. मध्ये चहाला थांबलो तेव्हा मेडिकलवाला माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, माहे हात थंडे पडून राह्यले. तुम्हाले नाही होत असं?" बाबा, माझेही हात थंडच होते. कप दोन्ही हातांनी धरला होता तो त्याचसाठी. मी हसून म्हटलं, "काही नाही होत, भाऊ. एक डाव गेलं का भेव मोडते." तो बिचारा मान डोलावून कप ठेवायला गेला.

पुढं नाला आला. रुंद, गढूळ, गुडघ्याच्या खालपर्यंत पाणी. काठावरून ट्रॅक्टरच्या चाकांच्या दोन चाकोऱ्या ताज्या, खोल, सरळ पाण्यात उतरलेल्या. आपल्याकडं लहान पोरालाही कळतं की चाकोरी जिथून जाते तिथून वाट असते. बैलगाडीवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ठरवलेलं असतं ते. उस्ताद मात्र चाकोरी सोडून वरच्या अंगानं, गोट्यांवरून गेला. त्याच्यामागं चौघं गेले, पाणी उडवत, ओरडत. अलीकडे आम्ही दोघं उरलो, मी आणि माझ्यामागं मेडिकलवाला. मी पाण्याकडे बघितलं आणि गाडी थांबवली. नजर लांब ठेवायची होती, मला पाणीच दिसत होतं. पलीकडून पाच तोंडं माझ्याकडे बघताहेत. मागं त्याची गाडी धडधडते आहे. उतरावं, एवढंच मनात होतं. उतरावं आणि म्हणावं, उस्ताद, माझ्यानं होत नाही. शब्द अगदी जिभेवर होते. आणि मी ओरडले, "उस्ताद, क्लच घसरून राह्यला!"

"थांबा तिथंच, मी येतो," तो पलीकडून म्हणाला. मी गाडी बाजूला घेतली, स्टँडवर लावली, वाकून क्लचच्या तारेकडे बघत बसले. मेडिकलवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मग पाण्याकडे. मग हेल्मेटची काच खाली केली. मी मान वर केली असती तर त्यानं नक्की काहीतरी विचारलं असतं, म्हणून मी केली नाही. तो चाकोरीनं गेला. त्याला वाटलं असेल, गोट्यांपेक्षा मळलेली वाट बरी. पण ते ट्रॅक्टर नाला ओलांडून जात नव्हते, बाबा. ते रेती न्यायला नाल्यात उतरत होते आणि भरून त्याच वाटेनं परत येत होते. चाकोरी मधोमध जाऊन संपत होती, आणि जिथं ती संपत होती तिथं पुरुषभर खड्डा होता, वर पाणी सपाट. पुढचं चाक गेलं, मग तो गेला, मग गाडी त्याच्यावर गेली. आवाजसुद्धा मोठा झाला नाही.

मी किती धावले ते आठवत नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभी होते आणि त्याच्या जॅकेटची कॉलर माझ्या हातात होती, एवढं आठवतं. उस्तादनं गाडी उचलली, दोघांनी पाय सोडवला. तो पाणी ओकला आणि मग लहान मुलासारखा "माय, माय" म्हणत राहिला. घोटा मोडला होता, खांद्याचं हाड मोडलं होतं. त्याला जीपमधून न्यायचं तर फाट्यापर्यंत कुणीतरी जाऊन जीप आणायला हवी. उस्तादनं जवळची म्हणून माझी गाडी घेतली. किक मारली, गिअर टाकला आणि ती गाडी काठाच्या चढावरून सुसाट वर गेली, जराही न घसरता. परत आल्यावर त्यानं किल्ली माझ्या हातात दिली आणि दुसरीकडे बघून म्हणाला, "ताई, तो क्लच मी पाह्यतो सवडीनं." त्याला कळलं होतं. त्यानं मला झाकलं, आणि ते मला मार खाल्ल्याहून जास्त लागलं.

तेव्हापासून एक जुनी गोष्ट डोक्यातून जात नाही. एकदा आपण खामगावहून येत होतो आणि नाल्याला पाणी चढलेलं होतं. तुम्ही नेहमीसारखे उतरलात. तिथं एक दूधवाला होता कॅनी बांधलेला, आणि एक नवं लगीन झालेलं जोडपं मोटरसायकलवर. तो नवरा गाडीवरून उतरायला तयार नव्हता, बायकोसमोर कसा उतरेल? तुम्ही त्याला काही शिकवलं नाहीत. आपल्या जागी उभं राहून एवढंच म्हणालात, "मले तं भेव लागते, गड्या. मी थांबतो." आणि तो उतरला. दूधवालाही उतरला. पाणी ओसरेपर्यंत आपण सगळे काठावर बसलो, त्या नवरीनं शिदोरीतल्या पुऱ्या वाटल्या, मग तुम्ही पायानं पाहून आलात आणि सगळे तुमच्यामागं चालत गेलो. काहीच घडलं नाही. कुणी वाहून गेलं नाही, म्हणून कुणी लक्षातही ठेवलं नाही, मीसुद्धा नाही. मी इतकी वर्षं समजत होते की तुम्ही भित्रे होतात. भित्री मी आहे. तुम्हाला भीती वाटायची आणि तुम्ही ती सांगायचात, त्यामुळं बाकीच्यांना सांगावी लागत नसे.

काल त्याला बघायला दवाखान्यात गेले होते. पाय वर टांगलेला, खांदा बांधलेला, बायको मोसंबी सोलत बसलेली. तिनं मला खुर्ची दिली, म्हणाली, "तुम्हीच पाण्यातून काढलं म्हणे यायले, लय उपकार झाले, ताई." तो हसून म्हणाला, "ताई, तुम्ही थांबल्या तवा मले वाटलं, चला, आता आपल्यालेही थांबता येते. मंग तुम्ही म्हटलं क्लच. माह्या गाडीचा क्लच तं चांगला होता न." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, बाबा. मी नीट बघितलं, तोंडावर कुठंही नव्हता. मग त्यानं विचारलं, "झाला का तो दुरुस्त?"

मी म्हटलं, "हो, झाला. नवी प्लेट टाकली."

हे पत्र खरं तर त्याला लिहायचं होतं. दोनदा बसले, पहिल्या ओळीपुढं गेले नाही. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही उलट काही विचारणार नाही.