राजकन्या सोफ्रोनियांच्या स्थळाची हकीकत

क्यू, १२ ऑक्टोबर १८५३

प्रिय डॉर्कसताईस धाकट्या लव्हिनियाचा प्रेमाचा नमस्कार.

तुझा खोकला गेला का? भावोजींची होडी दुरुस्त झाली का? (नसेल तर ती त्यांनी स्वतः करू नये, असं माझ्या वतीने सांग.) मी ठणठणीत आहे.

गेला आठवडा आमच्याकडे एका स्थळापायी गेला. ज्यांच्या सोबतीला मी इतकी वर्षं राहते, त्या राजकन्या सोफ्रोनियांचं राजवाड्याशी नातं एवढं लांबचं, की नाताळात तिकडून हरणाची एक तंगडी येते, तीही शेजाऱ्यांच्या नावाने. वय एकतीस, आणि उंची अशी, की झुंबराची धूळ त्यांनीच पुसावी. स्थळ होतं जर्मनीतल्या श्नेकेनबर्गचे प्रिन्स एगोन. बिजवर, पदरी सात मुलं, आणि कसेबसे राजकन्यांच्या खांद्याला लागतील एवढे (उंच टाचा धरून). म्हणून राजकन्यांच्या आईसाहेबांनी, म्हणजे डचेसबाईंनी, बजावलं, "सोफी, पाहुणे जाईपर्यंत खुर्चीतून उठलीस तर माझ्याशी गाठ आहे!"

राजकन्या बसल्या. प्रिन्स म्हणाले, बागेत फिरू या. आईसाहेब म्हणाल्या, "नको हो, तिला फुलांनी शिंका येतात." (सगळी बाग राजकन्यांनीच लावलेली!) मग प्रिन्स चहा होईस्तोवर पहिल्या बायकोचे गुण सांगत राहिले. मुख्य गुण, ती मध्ये बोलत नसे. बोलता बोलता त्यांच्या घशात केक अडकला. चेहरा बिटासारखा लाल! आईसाहेब किंचाळताहेत, मी गडबडीत फुलदाणीतलं पाणी पुढे करतेय, तोच राजकन्या ताडकन उठल्या आणि पाठीत असा रट्टा घातला, की केक थेट कुत्र्यापुढे.

प्रिन्सनी डोळे पुसले. वर पाहिलं, मग आणखी वर पाहिलं.

"अजून वाढताय का तुम्ही?"

"नाही, तुम्ही वाकलाय," राजकन्या म्हणाल्या.

आम्हाला वाटलं, मोडलं. पण कसलं काय! अशी दणकट बाई सात मुलांना आवरेल, म्हणून स्वारी खूश. आईसाहेबांनी तिथल्या तिथे नोव्हेंबरातली तारीख धरली. राजकन्यांना कुणी विचारलंच नाही. संध्याकाळी केस विंचरताना त्या म्हणाल्या, "लव्हिनिया, जीव वाचवल्याची एवढी शिक्षा असते का गं?" मी कंगवा ठेवला आणि खोलीची किल्ली शोधायला लागले.

बाकी सगळं क्षेम. राजकन्यांचं डोकं दुखतंय, असं मी घरात सांगितलंय. खोलीला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडे. काळजी नसावी.

तुझी लव्हिनिया

ता.क. तुझी वरची खोली रिकामी आहे ना?

आणखी ता.क. हे पत्र टपालाने आलं नाही, हे तुझ्या ध्यानात आलं असेलच. आणून देणाऱ्या बाईंना मिस ब्राऊन म्हणायचं. मासे साफ करायला शिकेन म्हणतात. भावोजींना मात्र खरं सांगू नकोस, नाहीतर बंदरभर होईल.

शेवटचा ता.क. लांबण लावायची माझी खोड तू जाणतेस. इथपर्यंत सगळं उंबऱ्यातच वाचलं असशील, तर आता तरी त्यांना आत घे गं. तुमच्या यार्मथला वारा फार असतो.